तो बिबट्या नव्हताच

“बाबू! ए बाबू! हायस काय रे घरात? दार कशाला लोटून घेतलंस तिन्हीसांजेचं? बाबू, मेल्या, ओ दे की!”

आवाज आवडाकाकीचा होता. आमच्या शेजारघरची काकी. ती खाली पायरीशी उभी राहून ओरडत होती आणि मी — मी घरातच होतो. माळ्यावर, भाताच्या कणगीमागे, गुडघे छातीशी घेऊन. उजव्या हातात एक जाडजूड कादंबरी आणि डाव्या हातात आईच्या देव्हाऱ्यातली घंटी. घंटी वाजू नये म्हणून तिचा लोलक मी मुठीत आवळून धरला होता.

हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, एकटा असताना स्वतःलासुद्धा धड नाही. माझ्यासारख्या माणसाच्या पोटात — ज्याच्या पोटात शेजारच्या घरची आमटी जळल्याची बातमीही टिकत नाही — ही गोष्ट एवढी वर्षं कशी राहिली? राहिली कारण तिच्यावर मी एक बिबट्या बसवून ठेवला होता.

तुम्ही मला ओळखत असाल तर तो बिबट्या तुम्हाला माहीत आहे. शिमग्याला पालखी घरोघर फिरून आमच्या अंगणात टेकली, की पोरं ओरडतात, “बाबूकाका, बिबट्या!” मग मी सांगतो. पावस गावाहून घरी येत होतो, दिवस मावळलेला, वळणावर हा एवढा बिबट्या रस्त्यात आडवा. मी फटफटीचा दिवा त्याच्या डोळ्यांत मारला, त्याने जांभई दिली. मी त्याला आईची शपथ घातली, त्याने कान टवकारले. शेवटी उठला, शेपटीने माझ्या चाकावरची धूळ झटकली आणि गेला. पहिल्या वर्षी तो नुसता रस्त्यात बसला होता. पुढे तो पेट्रोलच्या टाकीवर चढला. गेल्या शिमग्याला तर मागच्या सीटवर बसून त्याने बाजारापर्यंत सोबत केली.

तो बिबट्या नव्हताच. म्हणजे — बिबटे आहेत, आमच्या सड्यावर, वरच्या कातळमाळावर आहेत, कोणाचं ना कोणाचं कुत्रं दर वर्षी नेतात. पण त्या संध्याकाळी त्या वळणावर बिबट्या नव्हता. आणि मीही नव्हतो.

थापा मी ढिगाने मारल्या. गावराखण्या भुताशी, देवचाराशी कुस्ती खेळलो, खाडीत गळाला लागलेल्या माशाने माझी होडी जयगडपर्यंत ओढत नेली, असल्या. त्यांची कबुली मी देणार नाही. त्या खोट्या आहेत हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, सांगणाऱ्यालाही, आणि दोघांचाही वेळ बरा जातो. बिबट्याची थाप तशी नव्हती. ती मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा मनापासून वाटत होतं, हिच्यावर तरी लोकांनी विश्वास ठेवावा. आणि ठेवला! हसत हसत ठेवला. मला अजून कळत नाही, त्यातलं वाईट कोणतं — मी खोटं बोललो हे, की ते इतकं छान जमलं हे?

पण मी गोल गोल फिरतोय. पुस्तकावर येतो.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. कोकणात रेल्वे येणार, रेल्वे येणार, ही थाप तेव्हा मी सोडून सगळे मारत होते. वडील मुंबईला गोदीत. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून मी एक जुनी फटफटी घेतली होती. आमच्या वाडीत ती एकच. अंगणातल्या फणसाखाली ती उभी असायची, दवाने भिजू नये म्हणून गोणपाट पांघरून, एखाद्या म्हाताऱ्या बैलासारखी. मी वाडीला सांगून ठेवलं होतं — कोणाला ताप आला, कोणाची बाई अडली, नुसती हाक मारा, बाबू हजर! आणि हाका यायच्या. मी धावायचो. बाकीच्या थापांत ही एक गोष्ट माझी खरी होती, हे लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

कादंबरी दिली इब्राहिमने. माझा शाळेतला दोस्त, बंदरावरच्या मोहल्ल्यातला. तो काही वर्षं बोटीवर होता, मग परत येऊन मासळीचा टेंपो चालवू लागला. मुंबईच्या फूटपाथवरून त्याने हे पुस्तक उचललं होतं. परदेशी गोष्ट, मराठीत आणलेली, कव्हर फाटलेलं, सुतळीने बांधलेलं.

“वाच,” तो म्हणाला, “पण सांगून ठेवतो बाबू, मी हे बोटीवर वाचलं आणि पुढचं बंदर येईपर्यंत डोळा लागला नाय माझा.”

मी हसलो. भुताखेतांचं मला कोण सांगणार? आमच्याकडच्या भुतांना पत्ते असतात. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, देवचार आपल्या हद्दीत. कोणाला नारळ, कोणाला कोंबडा, कोणाला नुसती विडी दिली की भागतं. चिडली तर माणसाला रात्रभर रानात फिरवतील आणि पहाटे घराजवळ आणून सोडतील. पण रक्त पिणारं भूत? तेही मानेला दोन दात लावून, सभ्यपणे, रुमालाने तोंड पुसत? असलं काही मी जन्मात वाचलं नव्हतं.

पुस्तकातलं ते रक्त पिणारं भूत म्हणजे एक मेलेला घड्याळजी. धुक्यात बुडालेलं कुठलंसं गाव. दिवसा तो एका उंच घड्याळाच्या लाकडी पेटीत उभ्याने झोपायचा. दिवस मावळला की दुरुस्त केलेली घड्याळं घरोघर पोचवायला निघायचा. दारात थांबून टोपी काढायचा आणि विचारायचा — आत येऊ का? कारण त्या जातीच्या भुतांना एक नियम होता. घरातल्या माणसाने ‘या’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही.

हे वाचलं आणि मी पुस्तक पालथं घातलं. अहो, आमच्याकडे काय पद्धत? पायरीशी पाऊल वाजलं की आतून ‘या’ जातं. कोण आलंय ते नंतर बघायचं. आधी गूळ-पाणी, मग नाव-गाव. आणि येणाराही तसाच — आतून ‘ये’ ऐकल्याखेरीज पायरी चढायचा नाही, मग तो शेजारघरचा का असेना. म्हणजे आमच्या अख्ख्या जिल्ह्याने त्या घड्याळजीसाठी पायघड्या घालून ठेवलेल्या! त्याला लसूण सोसत नाही, असंही लिहिलं होतं. मी धावत स्वयंपाकघरात गेलो. पण आईचा चातुर्मास, घरात कांदा-लसूण औषधालाही नाही. आरशात त्याचं रूप दिसत नाही म्हणे. मी खांबावरच्या दाढीच्या आरशात स्वतःला बघून घेतलं. दिसलो. पण जरा पुसट वाटलो.

तुम्ही हसताय. हसा. इथपर्यंत हसण्यासारखंच आहे.

आई माहेरी गेली होती, वेळणेश्वरला. दिवाळी नुकतीच झालेली, सगळी वाडी सड्यावर गवत कापायला. मी सकाळपासून माळ्यावर, छपरातल्या काचेच्या कौलाखाली, पुस्तक घेऊन. जेवलोसुद्धा नाही. दुपार कलली तसा खाली येऊन पुढचं दार लोटून घेतलं. दिवेलागणीला आमच्याकडे पुढचं दार कोणी लावत नाही, लक्ष्मी माघारी जाते म्हणतात. मी लावलं. अडसर घातला नाही, नुसतं लोटलं. भूत धक्का मारणार नाही, विचारणार — पुस्तकातच होतं ना! मग देव्हाऱ्यातली घंटी उचलली आणि पुन्हा वर.

काचेतून येणारा उजेड तांबडा होत चालला होता. घड्याळजी त्या प्रकरणात एका मुलीच्या घरी तिच्या मावशीचं रूप घेऊन जातो. आवाज मावशीचा, कपडे मावशीचे, फक्त ओठ रक्ताने भिजलेले. आता तुम्ही म्हणाल, ही बाबूने पदरची जोडली. जोडलेली असती तर किती बरं झालं असतं!

कारण तेवढ्यात खालून हाक आली.

माळ्याला एक झरोका आहे, तळहाताएवढा. त्यातून मी पाहिलं. पायरीशी आवडाकाकी. लुगड्याचा पदर एका हाताला गुंडाळलेला, केस सुटलेले, तोंड पांढरं. ती हाक मारायला तोंड उघडायची आणि — दात लाल. हनुवटीवरून धार. थुंकली ती, तेही लाल.

“आत येऊ काय रे? कोण हाय का नाय?”

‘ये’ हा शब्द माझ्या जिभेवर आला होता — सवयीने, जन्मभराच्या सवयीने — तो मी दातांनी अडवला. लोलक आवळला. ही काकी नव्हे, मी स्वतःला सांगितलं. ज्या काकीने आईच्या आजारपणात मला भाकऱ्या थापून घातल्या, जी मला अजून मेल्या म्हणते, ती ही नव्हे.

आणि ती पायरी चढली नाही. दार नुसतं लोटलेलं. बोट लावलं असतं तर उघडलं असतं. पण आतून ‘ये’ आलं नव्हतं ना? भुताचा नियम आणि काकीची रीत — एकच निघाली. ती पायरीवर बसली. खांबाला डोकं टेकलं. जरा वेळाने बोलली, हळू, जसं काही घराशीच बोलतेय.

“फुरसा चावला रे बाबू. दुपारी, गवतात. वाटलं काटा असंल, भारा बांधूनच जाऊ. आता हिरड्यांतनं रगत येतंय. दवाखान्यात ने मला.”

इथे थांबतो जरा.

फुरसं म्हणजे आमच्या कातळावरचा वीतभर साप. दिसायला काही नाही, वाळल्या गवतात पाय पडला तरी दिसत नाही. चावला की रक्त गोठायचं थांबतं आणि काही तासांनी हिरड्यांतून येऊ लागतं. रत्नागिरीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिन्हीसांजेला मात्र त्याचं नाव कोणी तोंडातून काढत नाही, ‘जनावर’ म्हणतात. काकी तर भर दुपारीही जनावरच म्हणायची. त्या वेळी तिने नाव घेतलं. आणि मला कळलं.

कळलं. हेच सांगायचं होतं मला. इतका वेळ पुस्तक, घड्याळजी, लसूण, आरसा — सगळं तुमच्यापुढे पसरत बसलो, म्हणजे तुम्ही म्हणाल, बिचारा घाबरला, नवखा होता, पुस्तकाने खाल्लं त्याला. नाही. तिने फुरसा म्हटलं त्या क्षणी पुस्तक माझ्या अंगावरून उतरलं, घोंगडी खांद्यावरून गळून पडावी तसं. खाली आवडाकाकी आहे, तिला फुरसं चावलंय आणि ती मरायला लागलीय, हे मला स्वच्छ समजलं होतं.

आणि तरी मी हललो नाही.

का? कारण आता ओ दिली असती तर तिने विचारलं असतं — एवढा वेळ हाका मारतेय, होतास कुठे? देवचाराशी कुस्ती खेळलेला बाबू, माळ्यावर, कणगीमागे, हातात घंटी! वाडीभर झालं असतं ते. शिमग्यात माझंच सोंग निघालं असतं. मग मी काय केलं, सांगू? गोष्ट रचायला बसलो. ती खाली रक्त थुंकतेय आणि मी वर जुळवतोय — मागच्या दाराने बाहेर पडायचं, घराला वळसा घालून पुढून यायचं, “काय गो काकी, कधी आलीस? व्हाळावर गेलो होतो आंघोळीला” असं म्हणायचं. पण ओढ्यावर आंघोळ, तर केस ओले हवेत. खांद्यावर पंचा हवा. पंचा पुढच्या पडवीत दोरीवर वाळत होता, तिच्या डोक्यावर. मग व्हाळ नको, दुसरं काहीतरी... मी खरंच हे बघत होतो. कुठे काय बसतं, कुठे काय पटत नाही. गोष्ट चांगली व्हावी म्हणून.

ती झाली तेव्हा खाली आवाज नव्हता.

झरोक्यातून पाहिलं. पायरी रिकामी. काकी पाणंदीतून खाली सडकेकडे गेली होती. तेव्हाही वेळ गेली नव्हती. फटफटीला लाथ मारली असती तर सडकेच्या आधी तिला गाठलं असतं. पण फटफटीचा आवाज आमच्याच अंगणातून निघाला असता, आणि तिने ओळखलं असतं. म्हणून तेही केलं नाही. तिथेच बसून राहिलो. घंटी अजून हातात होती. लोलकाची खूण तळहातावर उमटली होती.

काकी सडकेला एसटीच्या थांब्यावर आडवी झाली. शेवटची गाडी गेलेली. तिला उचललं ते इब्राहिमने — बंदरावरून मासळी घेऊन येताना दिव्यात दिसली म्हणून. बर्फाच्या पेट्यांवर घातली आणि तसाच रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टर त्याला म्हणाले, अजून उशीर झाला असता तर आणली नसतीस तरी चाललं असतं. ती वाचली. पण फार दिवस पडून होती, आणि उजव्या हाताची बोटं कायमची आखडली. विळा धरता येईना. भाकरी थापता येईना. आमच्या वाडीत तिच्यासारखी भाकरी कोणाची होत नसे, हे मी वाढवून सांगत नाही. तिच्या घरातून सकाळी येणारा तो थापण्याचा आवाज बंद झाला, आणि आमच्या दोन घरांत फक्त एक भिंत आहे.

दुसऱ्या दिवशी इब्राहिम आला. अंगावर अजून तिचं रक्त. “कुठं होतास रे? काकी म्हणाली, बाबूकडे जाऊन आले, घरात कोणी नव्हतं.” माळ्यावर जुळवलेलं सगळं मी सोडून दिलं. व्हाळ फार जवळ होता — हाक ऐकू आली असती. दूर काहीतरी हवं होतं. पावस म्हणालो. आणि लगेच, विचारण्याआधीच, बिबट्या सोडला. इब्राहिमने कपाळाला हात लावला. म्हणाला, नशीब तुझं, आणि तिचंही. पुस्तक मी त्याला परत दिलं. शेवट वाचला नाही. घड्याळजीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

आई माहेराहून आली तेव्हा तिला काकीनेच सांगितलं — बाबू घरात नव्हता गो. वाडीत कोणी विचारलं तर तेच. पुढे दर शिमग्याला मी बिबट्या सांगायचो तेव्हा ती समोर बसलेली असायची, आखडलेला हात मांडीवर घेऊन. लोक हसले तरी ती हसायची नाही. उठूनही जायची नाही. संपलं की घरी जायची. जग सोडून जाईपर्यंत तिने ती गोष्ट किती वेळा ऐकली असेल? आणि मी सांगत राहिलो, तिच्यासमोर, दर वर्षी बिबट्याला थोडं खायला घालून.

आता दवाखान्याचं. पहिल्यांदा तिला भेटायला गेलो तेव्हाचं. हातात शहाळं. तिचा हात उशीवर, कोहळ्याएवढा सुजलेला. तिने काही विचारलं नव्हतं. मीच सुरू झालो — पावस, वळण, बिबट्या, जांभई. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं ऐकू लागली. एक म्हातारा हसता हसता खोकला. नर्ससुद्धा दारात थांबली. मी रंगात आलो होतो, देवाशप्पथ सांगतो, त्या खाटेशी उभा राहून रंगात आलो होतो. संपलं, माणसं पांगली. काकीने पाणी मागितलं. मी पेला तिच्या ओठांना लावला. ती सावकाश प्यायली, तोंड पुसलं आणि छपराकडे बघत म्हणाली,

“फटफटी फणसाखाली व्हती, बाबू.”